लाल ठिपक्याची वाटी

बसमधून उतरून ती कारखान्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा तिच्यापुढे एक माणूस चालला होता आणि त्या माणसाच्या मागे चार मांजरं. पाऊस नुकताच थांबला होता. जागोजाग पाणी साचलं होतं, आणि पाय ओले करायचे म्हटलं की मांजराच्या जिवावर येतं. पण ही चौघं डबकी तुडवत, शेपट्या उभारून शिस्तीत रांगेनं निघाली होती. त्या भल्या माणसाला याचा पत्ताच नव्हता. तो खांद्यावरची पिशवी सावरत, शीळ घालत मजेत चालला होता.

तिला राहवलं नाही.

“अहो… जरा मागे बघा. वरात निघालीय तुमची!”

तो वळला. मांजरं थांबली. त्यातलं एक तर खाली बसून पंजा चाटायला लागलं, आपला काही संबंधच नाही अशा थाटात.

“ही माझी नाहीत हं,” तो घाईघाईनं म्हणाला.

“तुमची कशाला असतील? त्या पिशवीची आहेत.” तिनं नाक किंचित वर केलं, डोळे मिटले. “कोंबडीचं काळीज… लाल भोपळा… आणि तळाला लागलेलं काहीतरी.”

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “तळाला लागलेलं मी काढून टाकलं होतं! अगदी वरचं वरचं घेतलंय. कुणाला कळणार नाही अशी पैज लावली असती मी.”

“बरं झालं, लावली नाहीत.”

“तुम्ही आहात तरी कोण?”

“कळेल की,” ती म्हणाली आणि कारखान्याच्या फाटकातून आत शिरली. हसू दाबता दाबता तिच्या नाकी नऊ आले होते. तोही त्याच फाटकातून आत आला आणि पाचच मिनिटांत त्याला कळलंही.

त्या कारखान्यात मांजरांचं ओलं खाणं तयार व्हायचं… म्हणजे रश्शातले मांसाचे तुकडे, डब्यात बंद करून, खोलीएवढ्या प्रेशर कुकरमध्ये शिजवलेले. ती तिथली परीक्षक. डबा उघडायचा, आधी वास घ्यायचा, रस्सा गाळून तुकडे तोलायचे, एखादा तुकडा चिमटीत दाबून बघायचा. भुगा झाला तर वाईट, रबरासारखा उसळला तर त्याहून वाईट. हाडाची कणी शोधायची. सहा वर्षं ती हे काम करत होती, आणि तिच्या नाकाचा असा दबदबा होता की सगळे तिला नाकताईच म्हणत. तिची आई मात्र शेजारीपाजारी “आमची धाकटी अन्नपरीक्षक आहे” एवढंच सांगायची. कुणाचं अन्न, असं कुणी विचारलंच तर आईला नेमकं गॅसवरचं दूध आठवायचं.

तो नवा पाककर्ता होता. दूरच्या शहरात एका हॉटेलात माणसांसाठी रांधून रांधून कंटाळलेला. “माणसं आधी फोटो काढतात, मग थंडगार करून खातात,” तो म्हणायचा, “मांजराचं तसं नाही. आवडलं तर खातं, नाही आवडलं तर पाठ फिरवतं.” लोकांनी त्याला आठवडाभरात आचारीबुवा करून टाकलं. त्याला तीन महिन्यांची मुदत होती. कारखान्याच्या जुन्या कोंबडीच्या खाण्यापेक्षा मांजरांना जास्त आवडेल असं नवं खाणं त्यानं बनवलं तर नोकरी पक्की. नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून परत त्या हॉटेलात.

नियम कडक होते. परीक्षक आणि पाककर्ता यांनी कामाबाहेर भेटायचं नाही, बरोबर चहासुद्धा प्यायचा नाही. मग उरले फक्त शेऱ्यांचे कागद, आणि त्यांची या दोघांनी पार वाट लावली.

‘रस्सा पाणचट. तुकडे दुःखी,’ तिनं पहिल्या नमुन्यावर लिहिलं.

पुढच्या डब्याबरोबर उत्तर आलं, ‘तुकड्यांची समजूत काढली आहे. कृपया पुन्हा भेटावे.’

‘वास बरा. मीठ कुणाच्या आठवणीत घातलंत? मांजरांना एवढं चालत नाही.’

‘आठवणीत घातलं हे खरं. कुणाच्या, ते कागदावर लिहिता येत नाही.’

हा कागद तिनं फाइलला लावण्याआधी चारदा वाचला. पण लावला मात्र. कामाच्या बाबतीत ती कुणाची भीडभाड ठेवत नसे.

अकरावा डबा उघडला आणि तिनं पुन्हा एकदा वास घेतला. कुणीतरी घाई न करता, जीव लावून शिजवलेला वास होता तो. तिनं एवढंच लिहिलं, ‘चाचणीला पाठवावे.’

त्यानं तिला व्हरांड्यात गाठलं. “एवढंच? एखादा टोमणा तरी…?”

“शोधला. सापडला नाही.”

“नीट शोधा हो. टोमण्याशिवाय दिवस सुना जातो माझा.”

तिचे कान लाल झाले. काहीही काम नसताना ती वाट्या धुवायच्या खोलीत शिरली, आणि तिथल्या मावशींनी तिच्याकडे एकदा पाहून नळ जरा मोठा सोडला.

चाचणी मांजरांच्या हाती होती. बारा मांजरं, बारा खोल्या, पाच दिवस. प्रत्येकापुढे दोन वाट्या, एकीवर लाल ठिपका, एकीवर निळा; एकीत जुनं खाणं, एकीत नवं. कुठल्या ठिपक्यात काय, हे फक्त मोठ्या बाईंच्या बंद पाकिटात. मोठ्या बाई म्हणजे विभागप्रमुख. एखाद्या मांजराला डावी बाजूच आवडते, म्हणून वाट्यांच्या जागा रोज बदलायच्या. आणि दोन्ही वाट्या हातात घेऊन दारात उभं राहायचं, मांजर शांत बसेपर्यंत, मग एकदम खाली ठेवायच्या. ठेवणाऱ्यालाही पाकिटातलं गुपित ठाऊक नसावं, ही पहिली अट.

वाट्या ठेवायचं काम तिचंच होतं. पण तिचं नाक! लाल ठिपक्यात त्याचं खाणं आहे हे पहिल्याच सकाळी तिला कळलं. तिथल्या तिथे बाईंना सांगून तिनं बाजूला व्हायला हवं होतं. ‘मी काय मांजरांच्या कानात सांगणार आहे?’ असं मनाशी म्हणत ती पुढे गेली.

तीन दिवस लाल वाट्या लख्ख चाटूनपुसून परत आल्या. ढेरपोट्या बोक्यानं तर रिकामी वाटी ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेली. नव्या खाण्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या राणीसाहेब, म्हणजे एक पांढरी, भारी नखरेल मांजरी, त्याही आवाज करत जेवल्या. खाल्लेल्यातले शंभरात ब्याऐंशी भाग लाल वाट्यांतले! निकाल गुप्त होता, पण निळ्या वाट्यांत उरलेलं जुनं खाणं धुणाऱ्या मावशी ओळखत होत्या, आणि त्यांना हसू लपवता येत नव्हतं.

“मी काही विचारत नाही,” तिसऱ्या संध्याकाळी तो फाटकाशी म्हणाला. “फक्त सांगतो. इतके दिवस बॅगेतूनच कपडे काढत होतो. काल… काल कपाटात लावले.”

ती घरी जाईपर्यंत हसत होती. बसमध्ये तिचा थांबासुद्धा चुकला.

चौथ्या सकाळी राणीसाहेबांचा मूड नव्हता. त्या खोलीभर फिरत होत्या आणि ती दोन्ही वाट्या घेऊन दारात ताटकळत उभी होती. समोरच्या काचेत तिला आपलं प्रतिबिंब दिसलं. निळी वाटी तिनं दोन बोटांच्या चिमटीत कडेला धरली होती. आणि लाल… लाल वाटी अख्खी तळहातावर, अंगाशी घेतलेली, थंडीत चहाचा कप धरावा तशी.

मांजरांना कोमट खाणं आवडतं. जरासं ऊबदार झालं की वास फुलतो. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं धावत जाऊन तापमापक आणला. निळी वाटी अठरा अंश. लाल तेवीस.

म्हणजे चार दिवस, प्रत्येक दारात, ती त्याचं खाणं स्वतःच्या हातानं ऊबदार करत होती. आणि तिला पत्ताही नव्हता.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? एकच दिवस उरला होता. तो राहिला असता. त्याचे कपडे कपाटात राहिले असते. तिला रडूच फुटलं. पण मग तो जन्मभर समजत राहणार की मी जिंकलो, आणि खरं काय ते फक्त तिला ठाऊक असणार. त्याच्याशी असं वागणं तिला जमणार नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि दोन्ही वाट्या घेऊन ती सरळ मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एक छापील कागद पुढे केला. काय चुकलं, कारण, उपाय. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘निष्काळजीपणा.’

बाईंनी कागद परत सरकवला. “निष्काळजी माणूस दोन्ही वाट्यांच्या बाबतीत निष्काळजी असतो. खरं कारण लिही.”

“बाई…”

“लिही गं. मला चष्मा आहे, पण आंधळी नाही मी.”

तिनं लिहिलं. ‘लाल वाटी कुणाची हे मला वासावरून कळलं होतं. तो माणूस मला आवडतो.’ आणि खाली, उपाय म्हणून, ‘यापुढे या पाककर्त्याच्या कुठल्याही चाचणीत मला घेऊ नये.’

“छान,” बाई म्हणाल्या. “आता याची एक प्रत पाककर्त्याला जाईल.”

“काय?”

“त्याची चाचणी रद्द होतेय. कारण कळायला नको त्याला? नियमच आहे तसा.”

धरणी दुभंगली तर बरं, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

नवी चाचणी सोमवारी सुरू झाली. वाट्या ठेवायला खुद्द बाई, तेही हातमोजे घालून. ठिपके मावशींनी लावले आणि पाकीट स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केलं. त्याच्याकडून मात्र एक शब्द नाही. तो समोरून यायचा, मान लववायचा आणि निघून जायचा. सोमवार गेला, मंगळवार गेला… घरी आई विचारायची, “सर्दी झालीय का तुला? नाक बघ किती लाल झालंय.” ती “हो” म्हणून उशीत तोंड खुपसायची.

शुक्रवारी दुपारी ती मागच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसली होती. पत्र्याच्या छपरावर भुरभुर पाऊस वाजत होता. तो आला. त्याच्या हातातही चहाचा कप होता.

“बसू?”

“पायऱ्या कारखान्याच्या आहेत.”

तो बसला. दोघांत एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.

“रागावलात ना?” तिनं खाली बघत विचारलं.

“दोन दिवस. चांगलाच. मांजरांना माझं खाणं आवडलं की तुमचे हात, तेच कळेना मला.” त्यानं कपावरची वाफ फुंकली. “मग वाटलं, तुम्ही गप्प बसला असतात तर मला कधीच काही कळलं नसतं. इतकं खरं माझ्याशी आजवर कुणी वागलेलं नाही.”

“मग आठवडाभर तोंडाला कुलूप का?”

“बाईंनी तंबी दिली होती. तुम्ही अधिकृतपणे माझ्या चाचण्यांतून बाहेर पडेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. आज त्यांनी तुमच्या उपायावर सही केली.” तो एकदम हसला. “म्हणजे आता तुम्ही माझ्या परीक्षक नाही. मी आचारी, तुम्ही नुसत्या नाकताई. चहा चालतो.”

“आणि निकाल?”

“आत वजनं चाललीत. मी ऐकायला थांबलो नाही. आधी इकडे आलो. नंतर आलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, जिंकला म्हणून विचारतोय… नाहीतर हरला म्हणून.”

“विचारायचं काय राहिलंय आता? सगळं लिहून दिलंय की मी!”

“ते बाईंना लिहिलंय,” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “मला कुणी काही सांगितलेलं नाही.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्यानं अजून चहाचा एक घोटही घेतला नव्हता, आणि ते बघून तिची भीती कुठल्या कुठे पळाली.

“तू मला आवडतोस,” ती म्हणाली. “खूप आवडतोस. झालं? जा आता, निकाल ऐक.”

तो हलला नाही. “हरलो तर उद्या जावं लागेल मला. पण दर सुट्टीला येईन. तू कंटाळून हाकलून देईपर्यंत येत राहीन.”

“लवकर नाही कंटाळायची मी.”

मागचं दार उघडलं. मोठ्या बाई हातमोजे काढत उभ्या होत्या. “शंभरात सत्तावन्न,” त्या म्हणाल्या. “नवं खाणं. नोकरी पक्की. आणि तुम्ही दोघं आता सोमवारीच या. आज तुमच्याकडून काही काम व्हायचं नाही.” दार बंद झालं. आतून मावशींच्या हसण्याचा आवाज आला.

त्यानं कप बाजूला ठेवून तोंड ओंजळीत लपवलं. तो हसतोय की रडतोय, तिला कळेना. ब्याऐंशी नव्हते, सत्तावन्नच होते. पण त्यातला एकन् एक त्याचा होता. तिला इतका आनंद झाला की तिचेच डोळे भरून आले.

“बघ,” ती म्हणाली, “माझ्या हातांशिवाय जिंकलास.”

“मांजरांचं भागलं तुझ्या हातांशिवाय,” त्यानं डोळे पुसत म्हटलं. “माझं नाही भागायचं.”

तिनं कप पायरीवर ठेवला, मधली जागा ओलांडून त्याच्याजवळ सरकली आणि आपले दोन्ही हात त्याच्या हातात दिले.