गाभ्याला सालीची सोबत

"अहो, तो माझा कप्पा आहे!"

मी दचकले. इन्क्युबेटरचं दार उघडं, हातात माझ्या काचेच्या बश्या, आणि मागे शेजारच्या लॅबमधला तंत्रज्ञ... कपाळावर आठी, डोळे मात्र हसरे.

"माझा कप्पा भरलाय," मी म्हटलं. "आठवडाभर घ्या ना सांभाळून."

"आहे काय त्यात?"

"ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यातल्या पेशी. ॲड्रिनलिन बनवतात. म्हणजे... बनवायला हव्यात."

माझा आवाज पडला. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ती इवलीशी ग्रंथी. तिच्या गाभ्यातल्या पेशी वेगळ्या काढल्या की चार दिवसांत ॲड्रिनलिन बनवणं जवळजवळ सोडूनच देत. दीड वर्ष हेच रडगाणं. महिन्याभरात जमलं नाही तर विषय बदल, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी निक्षून सांगितलं होतं.

"एकट्या ठेवल्यात, मग रुसणारच! माझ्याकडे त्याच ग्रंथीच्या सालीतल्या पेशी आहेत. कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. माझ्या बशीतला द्रव घालून बघा."

"असाच देणार?"

"रोज स्वतः येऊन न्यायचा. एवढीच अट."

गेले मी रोज. काम पाच मिनिटांचं; अर्धा तास कसा जायचा, कळायचं नाही. नवव्या दिवशी तपासणीत ॲड्रिनलिनचा आकडा चौपट आला आणि मी धावतच त्याच्याकडे गेले. त्यानं शांतपणे आपली वही पुढे केली.

"मीही एक उद्योग केला. तुमच्या बशीतला द्रव माझ्या पेशींना दिला. त्यांचं कॉर्टिसॉल वाढलं. तीनदा तपासलंय."

म्हणजे साल गाभ्याला कामाला लावते, तसा गाभाही सालीला! माझ्यापेक्षा मोठी गोष्ट त्याला सापडली होती.

सर म्हणाले, "शोधनिबंधात तंत्रज्ञाचं नाव आभारात घालू."

"चालेल की," तो पुटपुटला. मला मात्र ते चालणार नव्हतं.

परिसंवादात माझा भाग संपला, तशी मी माईक खाली ठेवला. "पुढचा शोध माझा नाही. ज्याचा आहे, तोच सांगेल."

तो पांढराफटक पडला. उठला. पहिली दोन वाक्यं अडखळली... मग वही उघडली आणि गडी सुटला.

"कशावरून हे ॲड्रिनलिनमुळेच?" एका ज्येष्ठ बाईंनी टोकलं.

"त्याचा परिणाम औषधानं रोखला, मॅडम. वाढ जवळजवळ थांबली."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सर उठले, घसा खाकरून म्हणाले, "दोन्ही नावं. शेजारी शेजारी." माझ्या निकालानंही माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.

बाहेर व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. "सरांशी कशाला वाकडं घेतलंस?"

अहो-जाहो कुठल्या कुठे!

"अभिमान वाटतो मला तुझा," मी म्हटलं. "आणि... नुसता अभिमान नाही."

"मग?"

"सगळं मीच बोलायचं?"

त्याचे कान लाल झाले. "आवडतेस तू मला. फार."

मग त्यानं खिशातून फोन काढला. "आईला कळवतो. दोन बातम्या आहेत म्हणून."

"आधी मोठी सांग."

"ती समोर उभी आहे," तो म्हणाला, आणि एका हातानं नंबर लावताना दुसऱ्या हातानं त्यानं माझा हात घट्ट धरला.