गाडी रिकामी नाही

नकाशा राहू दे तसाच टेबलावर, गुंडाळू नका. तुम्ही दोघं कॅरव्हॅन घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं निघालाय, जा. माझी काही आडकाठी नाही. फक्त त्याच रस्त्यावर माझ्या एका दोस्ताच्या बाबतीत काय झालं, ते निघण्याआधी तुमच्या कानावर असावं, असं तुमची काकू म्हणाली. ती स्वतः आत झोपायला गेली. तिला ते पुन्हा ऐकायचं नाही. तो बाहेरचा दिवा तेवढा बंद करा, किडे येतात.

दोस्त म्हणजे ठोक्या. गाड्यांच्या बॉडी बांधायचा. ट्रक, बस, रुग्णवाहिका, काय येईल ते. दिवसभर पत्र्यावर ठाकठाक, म्हणून ठोक्या. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, दवाखान्यात नर्स होती. तो जितका मुका तितकी ती बोलकी. ती बोलायची आणि हा हातोडीनं हुंकार द्यायचा, असा तो संसार.

दोघांची कामं सुटल्यावर वहिनीच्या डोक्यात कॅरव्हॅनचं खूळ शिरलं. ठोक्यानं भंगारवाल्याकडून एक जुनी मिनीबस आणली. भंगारवाला म्हणाला होता, कुठल्याशा कारखान्याच्या माणसांची ने-आण करायची ही. ठोक्यानं आतली बाकडी उपटून काढली. खाली लाकडी फळ्या ठोकल्या. मागं डाव्या अंगाला पलंग, उजवीकडं ओटा, सिंक, पाण्याची टाकी. ते काम बरेच महिने चाललं, कारण रोज रात्री जेवण झालं की दोघं अंगणातल्या त्या गाडीत जाऊन बसायची आणि प्रवास ठरवायची. मुक्काम कुठं, पाणी कुठं भरायचं, पंक्चरवाला कुठल्या गावात आहे. पहिलं भांडण कुठं करायचं तेसुद्धा वहिनीनं ठरवून टाकलं होतं. म्हणाली, "घाट उतरल्यावर करू. घाटात चिडलास तर गाडी दरीत घालशील." किनाऱ्याचा रस्ता जिथं संपतो तिथं एक दीपगृह आहे. तिथपर्यंत जायचं, आणि मगच मागं वळायचं, असा बेत.

गाडी तयार झाली, आणि वहिनी गेली. दुखणं लहानसं होतं. आठवडाभरात सगळं आटोपलं.

ठोक्या रडला नाही. मी बाजूलाच होतो. लोक म्हणाले, दगड झालाय. दगड नव्हे. दात काढताना हिरडीत सुई देतात ना, मग स्वतःच्याच गालाला चिमटा काढला तरी कळत नाही. तसा झाला होता. चहा गार आहे की गरम, पाऊस पडतोय की उघडलाय, त्याला काही पोचत नव्हतं. जेव म्हटलं की जेवायचा. झोप म्हटलं की आडवा व्हायचा.

मुलगी आली. म्हणाली, "बाबा, एकटे नका राहू. माझ्याकडं चला. घर बंद करू, गाडी विकून टाकू."

हा म्हणाला, "बरं."

गिऱ्हाईक तिनंच शोधलं. किनाऱ्यावर एका गावात लॉज होतं, त्याच्या मालकाला गाडी हवी होती. ती त्याच्या दारात नेऊन उभी करायची आणि बसनं परत यायचं, एवढंच काम. मी म्हटलं, "सोबत येतो."

म्हणाला, "कशाला?"

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता. दिवेलागणीला निघाला. घाट उतरला, किनाऱ्याचा रस्ता लागला. उजवीकडं टेकड्या, डावीकडं समुद्र, पण दिसत नव्हता. नुसता आवाज. पुढं डोळे जड झाले म्हणून गाडी थांबवायला जागा शोधू लागला. एका वळणाशेजारी मोकळं पटांगण दिसलं. मागं बंद पडलेला कारखाना, गंजलेलं फाटक. तिथं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं.

मागं पलंग होता. अंथरूण वहिनीनं घातलेलं, तसंच होतं. तिकडं तो गेला नाही. पुढच्या सीटवरच डोकं मागं टेकलं. सीटच्या पाठीशी एक जाड पडदा होता, पुढचा भाग आणि मागचा भाग वेगळा करणारा.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, तुम्हालाही अशाच गाडीत झोपायचंय. उभ्या गाडीत कुणी चढलं तर पुढं बसलेल्याला कळतं. दार डावीकडं असतं. पायरीवर पाय पडला की गाडी डावीकडं कलते. माणूस आत आला की सावरते, पण केसभर खाली बसते. ठोक्याचं सगळं आयुष्य त्यात गेलेलं. त्याला ते डोळे मिटूनही कळायचं.

पाऊण वाजला होता.

गाडी डावीकडं कलली. हळूच. मग सावरली.

दाराला कुलूप होतं. चावी त्याच्या खिशात.

तो मला म्हणाला, "घाबरलो नाही रे. ती हलकी होती अंगानं. ती चढली की गाडी एवढीच कलायची. वाटलं, आली." हे सांगतानासुद्धा त्याचा आवाज असा, की जणू बसचं वेळापत्रक वाचतोय.

तो तसाच बसून राहिला. पडद्याकडं पाठ. आता बोलेल... आता म्हणेल, एवढा उशीर का केलास...

गाडी पुन्हा कलली.

या वेळी जास्त.

सावरली... आणि पुन्हा कलली. कुणीतरी जड अंगाचं. त्याच्यामागं आणखी कुणी. पायरी करकरली. फळ्यांवर पावलं नाहीत, कुजबुज नाही, श्वास नाही. नुसतं वजन. एकामागून एक... गाडी खाली खाली बसत चालली. स्प्रिंगा दबल्याचा तो बारीक आवाज असतो, तो येत होता. येतच होता.

मग थांबला.

सगळं शांत. समुद्रसुद्धा.

आणि मागून पत्र्यावर थाप पडली. दोनदा.

थप... थप.

घंटीची दोरी तुटलेल्या गाडीत कंडक्टर मारतात ना, तशी. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.

ठोक्यानं चावी फिरवली.

अरे, तुम्ही असे बघू नका माझ्याकडं. मीही त्याला हेच विचारलं, की पळाला का नाहीस. म्हणाला, "थाप पडली. गाडी चालवायला मीच होतो." एवढंच. एरवीचा माणूस दार उघडून रस्त्यानं धावत सुटला असता. पण ह्याच्या आत धावायला कुणी उरलंच नव्हतं.

गाडी जड झाली होती. साध्या चढालाही दुसरा गिअर टाकावा लागत होता. हेडलाइटच्या उजेडात रस्ता, दगड, एखादी झोपलेली वस्ती. आरशात पडदा. पडदा हलत नव्हता.

पहिल्या वस्तीपाशी थाप पडली. एक.

त्यानं ब्रेक मारला. गाडी डावीकडं कलली... सावरली... थोडी वर उठली.

थप थप.

निघाला.

असं करत करत किती ठिकाणी थांबला, त्यानं मोजलं नाही. कुठं चार घरं, कुठं नुसता फाटा, एके ठिकाणी एकच झोपडी, तीही मोडकी. दर वेळी एक थाप. दर वेळी गाडी हलकी. एका ठिकाणी बराच वेळ लागला. वय झालेलं कुणी असावं. त्यानं हँडब्रेक लावला आणि थांबला. घाई केली नाही.

लॉजवाल्याचं गाव आलं. लॉजचा दिवा दिसत होता. तिथं थाप पडली नाही. तो थांबला नाही.

गावाच्या पलीकडं कुणीतरी उतरलं. मग पुढच्या पुलापाशी आणखी कुणी... आणि त्यानंतर दोन थापा पडायला हव्या होत्या.

पडल्या नाहीत.

तो वाट बघत बसला. इंजिन चालू. मागं पडदा... पडद्यामागं...

गाडी अजून डावीकडं बसलेली होती. थोडीशीच. त्याला ते बसल्या जागी कळत होतं. सगळे उतरले होते. कुणीतरी एक उरलं होतं.

"तू आहेस का?" त्यानं विचारलं.

...

"आहेस का?"

...

काय म्हणालीस, पोरी? पडदा का नाही उघडला? बरोबर आहे, कुणीही हेच विचारेल. मीही विचारलं होतं. तेव्हा तो माझ्याकडं बघून म्हणाला, "उघडला असता आणि ती नसती तर?"

मग म्हणाला, "आणि ती असती तर बोलली नसती का? ती कधी गप्प बसलीय?"

तर त्यानं पडदा उघडला नाही. मागं न बघता एवढंच म्हणाला, "दीपगृहापर्यंत जातो मग." आणि गाडी काढली. सगळा रस्ता. दोघांनी मिळून ठरवलेले सगळे मुक्काम त्या एका रात्रीत मागं पडले. घाट संपल्यावरचं भांडण तेवढं राहून गेलं. पहाटेला रस्ता संपला. समोर दीपगृह, खाली पाणी. इंजिन बंद करून तो तिथं बसला, की आता थाप पडेल, आता कुणी उतरेल.

उजाडलं तरी कुणी उतरलं नाही.

मग तो खाली उतरून दाराकडं गेला. कुलूप जसंच्या तसं. उघडलं. आत कुणी नाही. फळ्या कोरड्या, ओटा साफ, भांडी जागेवर. अंथरुणावर सुरकुती नाही. त्यानं दार लावलं आणि खाली वाकून चाकावरची फट बघितली. आयुष्यभर बघत आला होता, तशी. डावी बाजू खाली होती. एखादं हलकं माणूस आत असावं एवढी.

परतीच्या वाटेवर त्यानं पंपावर डिझेल भरलं. पंपावरच्या म्हाताऱ्याला सहज विचारलं, तो वळणावरचा बंद कारखाना कसला. म्हातारा म्हणाला, बर्फाचा. रात्रपाळीची माणसं कारखान्याच्या गाडीनं घरी जायची. एका रात्री गाडी बिघडली, आलीच नाही. माणसं वाट बघून बघून चालत निघाली. वादळाची रात्र, त्यात भरती. तिथं रस्ता सखल आहे.

घरी कुणीच पोचलं नाही, म्हणाला. ठोक्यानं जास्त विचारलं नाही. आपली गाडी कुठल्या कारखान्याची होती, हे त्यानं भंगारवाल्यालाही नंतर कधी विचारलं नाही. म्हणाला, "काय करायचंय? पोचले ना ते."

लॉजवाल्याला त्यानं तिथूनच फोन लावला. "गाडी देता येणार नाही."

तो वैतागला. "का पण? ठरलं होतं आपलं."

"गाडी रिकामी नाही," ठोक्या म्हणाला आणि फोन ठेवला.

मुलगी धावत आली. खूप बोलली. बाबांचं डोकं फिरलंय म्हणाली, डॉक्टरकडं नेते म्हणाली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तिला म्हणाला, "जा, गाडीत बस थोडा वेळ." ती गेली. बऱ्याच उशिरानं बाहेर आली. गाडी विकायचं तिनं पुन्हा कधी काढलं नाही, आणि बापाला घर सोडून चल असंही म्हणाली नाही. आता दर महिन्याला येते आणि येताना धुतलेली चादर घेऊन येते.

ठोक्या तिथंच राहतो. रडला तो अजूनही नाही. पण परवा मी गेलो तेव्हा चहाचा घोट घेऊन म्हणाला, "साखर कमी झाली." मी घरी येऊन तुमच्या काकूला ते सांगितलं, तर ती स्वयंपाकघरात जाऊन पदराला डोळे पुसत बसली.

तुम्हाला वाटत असेल, एकट्या पडलेल्या माणसाच्या मनाचे खेळ. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून जानेवारीत एका गारठ्याच्या सकाळी मी मुद्दाम गेलो. ठोक्या दूध आणायला गेला होता. घर बंद, गाडीला कुलूप. मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या बाजूला, पलंगाच्या उशाशी, एक छोटी खिडकी आहे. मी सहज तिच्यापाशी थांबलो.

काचेवर वाफेचा एक गोल होता.

रुमालानं पुसला. गेला नाही. आतून होता.

मी बघत उभा राहिलो. तो गोल विरत गेला... काच स्वच्छ झाली. मला वाटलं, संपलं.

मग पुन्हा आला. उशीवर डोकं ठेवलं तर तोंड जिथं येईल, बरोबर तिथं.

एवढासा. येत होता... जात होता. सावकाश, एका लयीत.

... येत होता.