पडद्यामागच्या बायका

रंगराव मला पहिल्यांदा भेटले ते बादलीभर पाण्यासकट.

वरवट बकालच्या खळवाडीत सिनेमाचा तंबू लागला होता. गोजरवहिनी आणि मी जागा धरायला दिवस असतानाच गेलो. पडद्याजवळ पोहोचते न पोहोचते तोच वरून पाणी... पदर, केस, सगळं चिंब!

"डोळे हायेत का नाहीत?" मी ओरडले.

पडद्याआडून एक डोकं बाहेर आलं. "हायेत जी... पन पडद्यातून दिसत नाही ना! वला केला म्हनजे मांगच्या अंगानं बी चित्र दिसते. तुमच्याचसाठी तं भिजवून राह्यलो."

"मले?"

"नाही — पडदा!" म्हणाले आणि लाजले. बिचारे अजून लाजतात.

पुरुष पडद्यापुढे बसत, आम्ही बायका मागे. चित्रं तेव्हा मुकी होती. मधूनमधून अक्षरं येत, ती आमच्या बाजूनं उलटी. म्हणून रंगराव पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगायचे, आपल्या वऱ्हाडीत, राजाराणीचे आवाज काढून. पण मी चार यत्ता शिकलेली. दुसऱ्या दिवशी ती उलटी अक्षरं लावून पाहिली, तर राणीनं नदीत जीव दिला होता. आणि हे सांगत होते, राणी पोहून माहेरी गेली!

तिसऱ्या दिवशी ते तंबूसाठी वांगी न्यायला आमच्या मळ्यात आले, तेव्हा मी त्यांना धरलंच.

"लबाड बोलता तुमी. रानी मेली ना?"

ते चपापले. "उलटं वाचता?... मंग चूप काऊन राह्यल्या?"

"बाया खुश होत्या म्हनून."

"मी बी म्हनूनच," ते हळूच म्हणाले. "माही माय पहिला खेळ पाहून दोन दिस जेवली नाही. तवापासून मी कोनालेच मरू देत नाही."

झालं! माझा जीव तिथंच जडला, खोटं कशाला सांगू.

मग रोज वांगी. तंबूत माणसं चार आणि वांगी पाच शेर.

"कोन खाते एवढे वांगे?"

"मीच... दोन्ही टाइम."

पण तंबू गुरुवारी उठणार होता. आणि शुक्रवारी — "जळगावचे पाहुने मले पाहाले येऊन राह्यले," मी सांगून टाकलं. साऱ्या राजाराण्यांसाठी बोलणारा हा माणूस नुसता टोपलीकडे पाहत राहिला. मला रडू आलं, त्याहून जास्त राग.

बुधवारी शेवटचा खेळ. पडद्यावर मुकुट घातलेला राजपुत्र, समोर राजकन्या. अक्षरं आली... 'मला विसर.' मी वाचली. रंगराव मात्र बोलेचनात.

"सांग ना बापा, काय म्हन्ते थो?" बायकांनी गलका केला.

"थो म्हन्ते... संग्रामपूरले माही पाच एकर कोरडवाहू हाय. मायलेक दोघंच हावोत. मले सोताचं बोलता येत नाही... पन तुमचा होकार असंन, तं उद्या मायले घेऊन येतो."

"राजाची कोरडवाहू?" कुणीतरी फिसकन हसलं.

पडद्यापलीकडे माझे बाबा बसले होते. पण आता गप्प बसले असते, तर जन्मभर गप्पच बसावं लागलं असतं.

"हाव म्हना त्याले!" मी ओरडले.

मग जो हशा पिकला!

पुढं चित्रं बोलायला लागली, सांगणाऱ्याचं काम संपलं, तो तंबूही कुठं गेला कोण जाणे. पण त्या मुक्या चित्रांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव खरंच मायला घेऊन मळ्यात हजर! बाबांनी मोट थांबवली, जातगोत, सोयरेधायरे सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "राजे, तुमच्या वावरात विहीर हाय?"

"नाही जी."

"मंग माही पोट्टी वांगे कायच्या पान्यावर लावन?"

रंगरावांची मान खाली गेली. मी गोठ्याआडून ऐकत होते.

बाबांनी घाम पुसला. "लगन होऊ द्या. उन्हाळ्यात मी येतो... दोघं मिळून विहीर खंदू."