जळगाव ते धुळे, बावीस मिनिटं

"जळगावहून विमान निघालंय, चार वाजता," फोन ठेवत लोटनआबा म्हणाले.

लोटनआबा हे धुळ्याबाहेरच्या धावपट्टीचे राखणदार. ट्रंककॉल लागेपर्यंत चार वाजून दहा मिनिटं झाली होती. एस.टी.ला अडीच तास लागतात, मग विमानाला तासभर तरी लागेलच, असं म्हणून ते धुतलेला गणवेश आणायला सायकलवरून गावात गेले. पट्टीवर बाजरीची कणसं वाळवणाऱ्या तानुबाईंनाही जाता जाता त्यांनी तेच सांगितलं.

राखणदाराच्या खोलीच्या ओट्यावर सुगंधा, तिचा धाकटा भाऊ लीलाधर आणि मामेभाऊ रुपचंद बसले होते. दिवाळीच्या सुट्टीत ही भावंडं मामाच्या गावाला आली की रोज मोकळ्या पट्टीवर सायकल शिकायला येत. सुगंधाचे वडील जळगावच्या धावपट्टीवर कामाला होते. तिथलं लहान विमान ताशी अडीचशे किलोमीटर जातं, हे तिला ठाऊक होतं.

तिने काडीने मातीत आकडे मांडले. अंतर नव्वद किलोमीटर. उत्तर पाहून ती ताडकन उठली.

"बावीस मिनिटं," ती म्हणाली. "त्यातली बारा गेलीसुद्धा."

पट्टीच्या मधोमध तानुबाईंची बैलगाडी उभी होती. बैल दूर बांधावर चरत होते. रुपचंद आबांना बोलवायला जाऊ म्हणाला, पण गाव दीड मैल लांब होतं. तिघं पट्टीवर धावत सुटले.

विमान दहा मिनिटांत येतंय, यावर तानुबाईंचा विश्वास बसेना. "लोटनभाऊनी ते सांगं, आखो तासभर शे."

"अजून तासभर नाहीये, अक्का. माझं चुकलं तर सगळी बाजरी मी परत पसरून देईन," सुगंधा म्हणाली. खरंच चुकलं असेल तर?

तानुबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जू धरलं. चौघांनी जोर लावला. गाडी दहा-बारा हात सरकली आणि तिचं चाक डांबराच्या फुटक्या कडेत रुतलं. तेवढ्यात पूर्वेकडून घरघर ऐकू आली. लीलाधर रडायला लागला.

गाडीतल्या कणसांच्या ओझ्याला बांधलेलं तानुबाईंचं लाल लुगडं सुगंधाने ओढून काढलं. एक टोक रुपचंदच्या हातात देऊन ती विमानाच्या दिशेने पळाली. विमान खाली खाली येत होतं. पाय मागे वळायला बघत होते. तरी दोघांनी लुगडं डोक्यावर ताणून धरलं. वैमानिकाला दिसलं का? दिसत नसेल तर?

एकदम आवाज वाढला. विमान डोक्यावरून वर उसळलं. वाऱ्याने दोघंही खाली पडली, पण पडल्या पडल्याच त्यांनी पाहिलं, विमान वळण घेत होतं.

"पळ, गाडी काढू!" रुपचंद ओरडला.

विमानाने दोन घिरट्या घातल्या. तेवढ्या वेळात तानुबाईंनी चाकाखाली दगड सारला, गाडी बाहेर निघाली, आणि कणसं फावड्याने, हातांनी, जमेल तशी कडेला लोटली गेली.

विमान टेकलं. वैमानिक उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. विमान आत्ताच येणार हे कुणी ओळखलं, असं त्याने विचारलं. तानुबाईंनी सुगंधाला पुढे केलं.

"तुझ्यामुळे आम्ही पाच जण जिवंत आहोत, बेटा," तो म्हणाला.

कडक इस्त्रीच्या गणवेशात लोटनआबा सायकलवरून आले. उभं विमान पाहून ते जागीच थबकले. झालं ते त्यांना रुपचंदने सांगितलं. आबांनी टोपी काढली आणि मान खाली घातली.

"पोरी, माझ्या हातून माणसं मेली असती," ते हळूच म्हणाले.

सुगंधा तानुबाईंना टेकून खाली बसली, आणि तानुबाई तिच्या केसांतले बाजरीचे दाणे वेचत राहिल्या.