डाव्या हाताचा आशीर्वाद

तो दारात आला तेव्हा त्याच्या काखेत कागदाची गुंडाळी होती आणि टोपीवर ड्रेस्डेनचा ओला बर्फ.

"कागदवाले ना? जरा हात वर करता? उजवा... येशू हवाय मला," टेक्ला म्हणाली.

आर्नोने मागे वळून पाहिलं. "आता कुठून आणू?"

"चर्चसाठी ईस्टरचं चित्र आहे. कबरीतून उठलेला येशू आशीर्वाद देतोय."

भिंतीवर तिचे लाकडी ठशांचे संत होते — टोकदार, कुऱ्हाडीने तासल्यासारखे. आर्नोने हात उचलला. डावा.

"उजवा म्हटलं!"

"तो खांद्याच्या वर जात नाही. लढाईवरून तसाच आलाय."

टेक्लाचे कान लाल झाले. "डावा चालेल. फळीवर जसाच्या तसा कोरला, की छापताना उजवा होतो."

"म्हणजे तुमच्याकडे मी धडधाकट! रोज येईन मग."

आणि तो आलाही. कधी कागद घेऊन, कधी सफरचंदाचा केक. चित्र काढताना दोघांत जो आधी हसेल त्याने शेगडीत कोळसा घालायचा, असं ठरलं. बहुतेकदा टेक्लाच उठायची.

फळी कोरून झाली. शाई फिरवली, कागद घासला, उचलला... येशूचा डावा हात वर होता!

टेक्लाने रेखाटन छापाशेजारी धरून पाहिलं. रेखाटन फळीवर उलटं करून उतरवायची तिची सवय... तिने इथेही तेच केलं होतं.

"लक्ष कुठे होतं?" आर्नोने विचारलं.

तिने छापलेला कागद दोरीवर टांगला. हे काम गेलं, तर पुन्हा वॉलपेपरच्या कारखान्यात फुलं काढणं तिच्या नशिबी होतं.

"पाद्रीबाबा परवा येणार. नवी फळी आणतो."

टेक्ला कागदाकडे बघत राहिली. "नको... हाच दाखवायचा."

पाद्रीबाबांनी चष्मा पुसून पाहिलं. "मुली, प्रभू डाव्या हाताने आशीर्वाद देत नाही."

"उजवा लढाईतून धड आला नाही, बाबा."

म्हाताऱ्याने कागद खिडकीच्या उजेडात नेला. "चर्चमध्ये माझ्या पुढच्या दोन बाकांवर लढाईतून असेच आलेले बसतात सगळे," तो अखेर म्हणाला. "तीनशे प्रती छाप."

दार लागलं. आर्नो म्हणाला, "चूक छान सावरलीत हं!"

"चूक परवा होती," टेक्ला शाईचा रूळ उगीचच पुसत होती. "आज... मला दुसरा हात नकोच होता."

आर्नोने डाव्या हाताने तिच्या गालावरची शाई पुसायला घेतली. ती आणखीच पसरली.

"हसू नकोस हं, टेक्ला... कोळसा घालावा लागेल."

दोघं एकदमच हसले. शेगडी विझत आली होती. कुणीच उठलं नाही.