वेळेआधी बस सुटत नाही

"कंट्रोल, सिग्नल झोपलाय की तुम्ही?"

वायरलेसवरच्या या पहिल्याच वाक्यानं तिचा पारा चढला. वाहतूक कंट्रोल रूममधल्या तिच्या समोरच्या पडद्यावर शाळेच्या चौकात सहा नंबरची बस उभी होती आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून थेट कॅमेऱ्याकडे बघत होता... वर हसतही होता!

"जागी आहे. बोला कमी, चालवा जास्त," म्हणत तिनं हिरवा दिला.

किती गोड दिवस होते ते! रस्त्यांवर कॅमेरे नुकतेच बसले होते, पण सिग्नल बदलायला अजून माणूस लागायचं, आणि ते माणूस म्हणजे ती. हळूहळू तिला खोडच लागली. सहा नंबर चौकात आला की लाल जरा लांबवायचा. मग तो कॅमेऱ्याकडे बघून टोपी उचलायचा. मागचे हॉर्न वाजवून बेजार, साहेब डोळे वटारून थकले, पण ही ढिम्म. गर्दी हटवायला बसवलेल्या बाईनंच गर्दी वाढवून ठेवली होती.

भेट मात्र कधीच झाली नाही. तिची ड्यूटी संपायची तेव्हा त्याची फेरी निम्म्यावर असायची.

मग गाड्या मोजून आपोआप सिग्नल बदलणारा संगणक यायचं ठरलं आणि तिची दूरच्या शहरात बदली झाली. शेवटच्या दिवशी तो चाचरत म्हणाला, "आज भेटाल? काहीतरी... बोलायचंय. इथं सगळा डेपो ऐकतो."

"संध्याकाळी माझी रेल्वे आहे. लवकर याल?"

"तुम्ही लाल दाखवला नाहीत तर येईन की!"

तिनं त्याला एकामागून एक हिरवे दिले. चौकामागून चौक मोकळे. आणि बस... कंट्रोल रूमच्या दोन चौक अलीकडे, दवाखान्याच्या स्टॉपवर जाऊन उभीच राहिली!

"अहो, पुढं हिरवा आहे! निघा ना!"

"वेळेआधी स्टॉप सोडता येत नाही, कंट्रोल. माणसांची बस चुकते."

तिनं कपाळावर हात मारला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. रेल्वेला थोडाच वेळ उरला होता; आता भेट होत नाही, या विचारानं तिला रडूच फुटलं.

शेजारच्या टेबलावरच्या काकू वैतागल्या. "अगं, तो उभा आहे ना? मग तुझ्या पायांना काय झालंय? जा, मी बघते इथलं."

ती धावत सुटली.

"बोला," बसच्या दारात धापा टाकत ती म्हणाली.

वायरलेसवर एवढा चुरुचुरु बोलणारा तो आता टोपी काढून हातात नुसती फिरवत बसला. कंडक्टरसकट सगळी बस कान टवकारून बसलेली.

"जाऊ नका म्हणणार होतो... पण नोकरी तुमची. जा. मी येईन तिकडं. आईला घेऊन. रीतसर विचारायला."

या धावपळीत तिची रेल्वे सुटून गेली होती. ती शांतपणे पहिल्या सीटवर बसली.

"आईंना सांगा," ती म्हणाली, "मुलीचा होकार आहे."