ओढ्याची जागा

प्रयोगशाळेतल्या काचपेटीत वाळुंजाची दोन रोपं शेजारी शेजारी होती. एकाची पानं हिरवी, दुसऱ्याची तांबडी.

"रोपाला आठवतं म्हणजे नेमकं काय होतं, डॉक्टर?" मुख्याध्यापिका शैलजा दुधाळ यांनी विचारलं.

"आपल्यासारखं आठवत नाही," डॉ. इरफान मुलाणी म्हणाले. "ज्या झाडांच्या पिढ्या ओढ्याकाठी वाढल्या, त्यांच्या बियांतल्या जनुकांवर रासायनिक खुणा राहतात. मुळांखालून वाहतं पाणी गेलं की त्या जाग्या होतात. आम्ही याला पूरस्मृती म्हणतो. ती जागी झाली की पान तांबडं व्हावं, एवढीच भर माझी."

"आणि झारीने पाणी घातलं तर?"

"हिरवंच राहील. पाणी वाहतं हवं."

वाळकीनगरचा ओढा तेव्हा सिमेंटचा नाला होता. शैलजाबाईंच्या शाळेतली मुलं आणि आसपासच्या सोसायट्यांतले स्वयंसेवक यांनी दर रविवारी खपून वरच्या अंगाचं सिमेंट फोडलं. काठावर वाळा, लव्हाळा, वाळुंज लावला. पुढच्या वर्षी चैत्रातही ओढ्याला पाणी होतं आणि दोन्ही काठ तांबडे झाले होते. उरलेली रोपं मुलांनी सावलीसाठी शाळेच्या मैदानात लावली.

आषाढात एका सकाळी सातवीतली कस्तुरी वाघमोडे बाईंना बोलवायला आली. मैदानातली काही रोपं तांबडी झाली होती. फाटकापासून वळण घेत तांबड्या रोपांचा पट्टा थेट बालवर्गाच्या भिंतीला भिडत होता आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होता.

डॉक्टर आले. बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिले.

"पूर्वी पाऊस सिमेंटवरून निघून जायचा," ते म्हणाले. "आता तो जमिनीत मुरतो, आणि आतल्या आत जुनी वाट धरतोय. आपण ज्याला ओढा म्हणतो ती त्याला माणसांनी आखून दिलेली जागा, बाई. त्याची स्वतःची इथे आहे."

"म्हणजे हे आपणच केलं."

"हो. वर पुन्हा सिमेंट घातलं तर थांबेल."

संस्थेच्या अध्यक्षांना तेच हवं होतं; बाईंना मात्र मुलांनी मोकळा केलेला ओढा पुन्हा बुजवायचा नव्हता, त्यांना बालवर्ग तिथून हलवायचा होता. "भिंतीला साधी चीर नाही आणि तुम्ही पानं बघून वर्ग बंद करणार?" त्यांनी फोनवर विचारलं. बाईंकडे दाखवायला खरोखरच पानांशिवाय काही नव्हतं. उद्या काहीच झालं नाही तर आपलं हसं होईल, हेही त्यांना कळत होतं. तरी त्यांनी त्याच दुपारी बालवर्ग वाचनालयात हलवला आणि कुलूप स्वतः लावलं.

श्रावणात, प्रार्थना चालू असताना बालवर्गाची फरशी खचली. खालून निवळशंख पाणी वर आलं आणि मैदानातून वाट काढत निघालं. वर्गात कोणी नव्हतं. अध्यक्ष येऊन पाहून गेले.

दोन आठवड्यांनी बाई ओढ्यावर गेल्या. डॉक्टर तिथे आधीच उभे होते. पात्रात नुसती ओल होती आणि काठावरचं प्रत्येक पान हिरवं झालं होतं.

"पाणी एकच आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "ते तिकडे गेलं, म्हणजे इथून गेलं."

मुलांनी दोन वर्षं राबून जगवलेला काठ पावसाळा सरताच वाळणार होता. बाईंनी मुलांना ओढ्यावर बोलावून हे सांगितलं. कस्तुरी वाकून एका वाळुंजाच्या बुंध्याशी माती चाचपत राहिली.

"बाई, मुळं अजून फार खोल गेली नाहीत," ती म्हणाली. "आज काढली तर शाळेत, नव्या पाण्याकाठी लागतील."

बाईंनी पदर खोचला आणि कुदळ मागितली.